परबमामांची सही

सकाळी मशीन सुरू करण्याआधी परबमामा आम्हा सगळ्यांना दोन्ही हात वर करायला लावत आणि बोटं मोजत. लालबागच्या आमच्या छापखान्यात ते सुपरवायझर. "धा घेवन इलंस, धाच घेवन घराक जा," असं प्रत्येकाला बजावायचे. आम्ही हसायचो. नव्या माणसाला तर हे खूळच वाटे.

कागद कापायच्या मशीनवर मी बारा वर्षं सुखरूप काढली ती त्यांच्याच धाकात. पात्यासमोर लोखंडी जाळी असे. ती असली की हात पात्याखाली जाऊच शकत नसे. घाईत कुणी ती सोडवू नये म्हणून तिचा पाना मामा स्वतःच्या खिशात ठेवत. मालकांनी एकदा मागितला, तर त्यांनाही तोंडावर नाही म्हणाले. माझे वडील लवकर गेले. ती जागा मी मनातल्या मनात मामांना देऊन टाकली होती.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. जाळीमुळे हार नीट बसेना, म्हणून मामांनीच ती सोडवली. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरांची मोठी ऑर्डर अंगावर आली. मी जाळीचं विचारलं, तर म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत बसवतंय. तवसर सांभाळून कर." सुट्टी व्हायच्या आत माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

परळच्या इस्पितळात मामा रोज यायचे. उजव्या हाताला सलाईन होतं, म्हणून स्वतः पेज भरवायचे. भरवताना डोळे पुसायचे. आठव्या दिवशी ऑफिसातून अपघाताच्या अहवालाची प्रत आली. 'कामगाराने सूचना न जुमानता स्वतः जाळी काढली.' खाली परबमामांची सही, तारीख अपघाताच्याच दिवसाची. म्हणजे सही करून हा माणूस आठ दिवस मला भरवत होता! बायकोने कागद वाचला आणि मलाच विचारलं, "तुम्ही कशाला काढलीत ती?"

संध्याकाळी मामा आले. मी प्रत त्यांच्यापुढे टाकली.

"मामा, पाना तुमच्या खिशात होता."

ते पेजेत चमचा ढवळू लागले. "रिटायर होवक सात म्हयने रवलेत रे. तू तरणो आसस. तुका दुसरा काम गावतला."

"आठ बोटांच्या कटरला कोण ठेवतो?"

त्यांनी चमचा पुढे केला. मी तोंड फिरवलं.

चौकशीतही ते अहवालातलंच बोलले. निष्काळजी म्हणून मला काढलं. सात महिन्यांनी मामांना शाल-नारळ मिळाला. 'कामगारांच्या जिवासाठी आयुष्यभर झटलेला माणूस' असं मालक भाषणात म्हणाले, हे मला मागाहून कळलं. त्यात काही खोटं नव्हतं. इतक्या वर्षांत तो माणूस एकदाच खोटा वागला, आणि तोही त्याला बाप मानणाऱ्याशी.