सगीराच्या ओट्यावरचा कॅरम

बजाजनगरात आमच्या गल्लीत भर दुपारी एका ओट्यावर बायका मोबाईलात डोकं घालून बसलेल्या दिसल्या, की नवीन माणूस मान हलवून पुढं जातो. तो ओटा माझी शेजारीण सगीरा हिचा. आणि त्या बायका खेळतात कॅरम. फोनवर, एकमेकींना खेटून बसून, एकमेकींशीच.

सगीरा आधी वाळूजच्या एका कारखान्यात रबराचे भाग पॅक करायची. त्या भुकटीनं छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, हे काम सोडा, नाहीतर श्वासाचा पंप कायमचा मागे लागेल. तिनं काम सोडलं खरं, पण नवऱ्याच्या, इब्राहीमभाईंच्या, एकट्याच्या पगारात घर चालेना. त्याच सुमारास तिला या खेळाचं कळलं. खेळ बिनपैशाचा. पण आपल्या लिंकवरून कुणी आलं आणि खेळत राहिलं, तर कंपनी जाहिरातींच्या कमाईतला वाटा देते. येणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, फक्त तो टिकला पाहिजे.

तिचा दीर तौफिक यानंही हे सुरू केलं, पण तो नेमकं हेच विसरला. लग्नाचे, गावाकडचे, शाळासोबत्यांचे, जितके ग्रुप होते तितक्यांवर त्यानं लिंक टाकली. लोक आले, चार सोंगट्या उडवून गेले. त्याच्या खात्यात नुसती नावं उरली.

सगीराची रीत वेगळी. कुणी लिंक मागितली की ती आधी घरात नेऊन जुन्या लाकडी बोर्डावर बसवायची आणि ठरवून हरवायची.

"हरल्यावर जी तणतणत उठती, तिला लिंक नाय देत मी, ताई. जी म्हणती 'अजून एक डाव', ती आपली."

मला तिनं लिंक दिलीच नाही. "तुम्ही हरल्यावर लई समजूतदार हसता," म्हणाली.

तिची पहिली पसंती म्हणजे समोरच्या गीताबाई. साठी उलटलेली, पण राणी अशी घेतात की बघत राहावं. गल्लीतल्या निम्म्या बायका त्यांच्याच शब्दावर आल्या. फोन मात्र त्यांचा नव्हे, मुलाचा, संघपालचा. तो रात्रपाळी करून दुपारी झोपला की गीताबाई, आम्हा सगळ्यांच्या मावशी, फोन पदराआड घेऊन ओट्यावर. कारण संघपाल मागं पैशाच्या पत्त्यांच्या खेळात पुरता बुडाला होता. कसाबसा वर आला, आणि त्यानंच घरात ठणकावलं होतं, मोबाईलवर कसलाही खेळ चालणार नाही.

सगळं बरं चाललं होतं आणि एक दिवस कंपनीचा निरोप आला. तुमच्या लिंकवरचे सगळे खेळाडू एकाच वायफायवरून, एकाच वेळी खेळतात. एकच माणूस अनेक फोन चालवत असल्याचा संशय आहे. खातं थांबवलं आहे.

सगीरा माझ्याकडे आली ती चप्पल न घालता. "ताई, नेट संपलं म्हणून मी त्यांना माझं दिलं. आपल्या हातानं लावून दिलं एकेकीला. हे वाईट केलं का मी?"

ज्या चांगुलपणावर तिचं जाळं टिकलं होतं, तोच लबाडीसारखा दिसत होता.

सगीरानं कंपनीला फोन लावला. तिथली अमृता नावाची मुलगी बोलायला बरी होती. शुक्रवारी दुपारी मी प्रत्येकीला तिच्या घरी व्हिडिओ कॉल करते, म्हणाली. पण गीताबाई भेटल्याच पाहिजेत. निम्मे खेळाडू त्यांच्यामुळं आलेत. त्या नाहीत, तर खातं बंद.

तौफिककडे उपाय तयार होता. "भाभी, माझ्या सासूला बसवतो ना गीताबाई म्हणून! व्हिडिओत काय कळतंय?"

"मंग त्यांचा शक खराच ठरला ना रे," सगीरा म्हणाली.

त्याच दिवशी तिनं कारखान्याचा जुना एप्रन धुऊन दोरीवर टाकला. तिच्या आधी तो एप्रनच कारखान्यात परतायच्या तयारीला लागला होता.

गुरुवारी संध्याकाळी ती मला घेऊन संघपालकडे गेली. तो कामावर निघायला बूट बांधत होता.

"संघपालभाऊ, मावशीला मी खेळ लावून दिला. तुम्हाला विचारलं नाय, ती चूक माझी."

"पैसे लावून?"

"नाय. अल्लाकसम."

"आधी सगळे असंच म्हणतात, ताई." त्यानं फोन खिशात घातला आणि निघून गेला. मावशी डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

शुक्रवारी सगीरा मला म्हणाली, "तुम्ही मावशीकडे जाऊन बसा. बोलू नका काही. माझ्यानं नाय बघवत." बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली.

मी जाऊन बसले. संघपाल झोपला होता, फोन उशीखाली. मावशी निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत होत्या. गल्लीत एकेका घरातून फोनची रिंग, मग बोलणं ऐकू येत होतं.

उशीखाली फोन वाजला. संघपाल उठून बसला, डोळे चोळत बघितलं. "कोण?"

"मी अमृता. गीताबाई खेळतात का आमचा कॅरम?"

त्यानं आईकडे बघितलं. मावशींच्या मुठीत डाळ तशीच.

"माय," तो म्हणाला, "तुझा फोन हाय."

मावशींनी फोन इतका जवळ धरला की अमृताला नुसतं कपाळ दिसलं असेल. तिनं विचारलं, "मावशी, एकाच जागी बसता, घरात बोर्ड आहे, मग फोनवर कशाला?"

"अगं बाई, ओट्यावर बोर्ड मांडला की येता-जाता गडी थांबतो. अशी मार, तशी मार, शिकवाया लागतो. फोनात डोकं घातलं की कुणी काय म्हणत नाय."

मग अमृता म्हणाली, "खरंय हो. बरं, शेवटचा डाव कुणाकडून हरलात?"

"हरले? मी?" मावशी भडकल्याच. संघपालनं पांघरूण तोंडावर ओढलं, पण त्याचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी खातं सुरू झालं. अट एकच, प्रत्येकीनं आपल्याच नेटवर खेळायचं. सगीरानं दुपारचं वायफाय बंद केलं. तरी बायका आल्या, कुरकुरत. मावशी सगळ्यांत मागून आल्या. फोन हातात, उघड.

"नेट बंद केलंस ते केलंस. आता चहा बी बंद का?"

सगीरा हसली आणि आत गेली. जाताना तिनं दोरीवरचा एप्रन काढला. मला वाटलं, आता फडकं म्हणून पुसायला घेईल. पण तिनं तो घडी करून ट्रंकेत ठेवला.

"फेक ना आता," मी म्हटलं.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली. "खातं परत कधी थांबवतील, कुणी सांगावं?"