चार भोकं आणि फुटलेला ओठ

माझ्या सख्ख्या भावाने माझ्या डॉक्टरांचं तोंड फोडलं, तेव्हा मी टेबलावर बेशुद्ध होते.

ते डॉक्टर आज सकाळी गेले. हार्ट अटॅक.

माझ्या पित्ताशयात खडे होते. दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं, चार भोकांचं. वहिनीचं त्यांनीच केलेलं, दुसऱ्या दिवशी ती कळंबला घरी. त्यामुळे दादा निर्धास्त.

पण मी दुखणं लई अंगावर काढलं होतं. आत सगळं सुजून, चिकटून गोळा झालेलं. पित्ताची मुख्य नळी कुठली तेच कॅमेऱ्यात दिसेना.

अंदाजाने कात्री चालवली असती, तर आज ही पोस्ट लिहायला मी नसते.

डॉक्टर मिनिटभर बाहेर आले. "दुर्बिणीने धोका आहे. पोट उघडावं लागेल. सही करा."

दादाला वाटलं, डॉक्टरने घोळ घातला.

"चार भोकं म्हनला व्हतास ना? आता बहिनीला फाडतो व्हय रं?"

आणि तोंडावर ठोसा. मग खुर्ची उचलून काउंटरच्या काचेवर. डॉक्टरांना गाऊनला धरून भिंतीवर आपटलं. वॉर्डबॉय मध्ये पडला, त्यालाही लाथ.

शेवटी वहिनी किंचाळली, "आदी तिला जगू द्या, मग मारा काय मारायचं ते."

सही तिनेच केली.

डॉक्टरांनी ओठात कापूस कोंबला, नवा मास्क लावला, हात धुतले आणि आत जाऊन माझं पोट उघडलं. ऑपरेशनभर मास्कआड गिळत होते ते रक्तच होतं, असं सिस्टरने नंतर सांगितलं.

राउंडला आले तेव्हा ओठ वांग्याएवढा. त्यालाही टाके.

"काय झालं, डॉक्टर?"

"भावाला विचारा. आणि सांगा, वॉर्डात दिसला तर तंगडं मोडीन."

त्या वर्षी मी दादाला राखी बांधली नाही. लाज वाटत होती मला त्याची.

पुढे दादालाच खडे झाले. सगळे म्हणाले पुण्याला जा. तो त्याच डॉक्टरांसमोर जाऊन उभा राहिला, मान खाली घालून. मी सोबत होते.

डॉक्टरांनी त्याचे रिपोर्ट हातात घेतले. "भोकं पाडू की फाडू?"

"आत दिसंल तसं करा. फकस्त बाहेर इचारायला येऊ नका."

त्याचं चार भोकांत निभावलं.

आत्ता दादाचा फोन आला, अंत्यदर्शनाला गेलाय.

म्हणाला, "ओठावरचा वण अजून दिसतोय गं."

डॉक्टर, तुम्ही शिवलेलं पोट शाबूत आहे.

शेवटचा नमस्कार.