नागूबाईच्या कुरडया आन इरशादचा पेढा

तालुक्याच्या वाशीच्या अलीकडं आमचं गाव, आन गावात नागूबाईचा खवा. बाईची सारी उमर लाकडाच्या भट्टीपुढं गेली. डोळे कायम लाल, आन जीभ त्याहून तिखट.

औंदा नियम आला. लाकडाच्या भट्ट्या बंद. धूर आन कार्बन कमी करायचा. भट्टी बंद करील त्याला उन्हावर चालणारी कढई मिळणार.

"कार्बन म्हंजी काय गं?" नागूबाईनं सुनेला इचारलं.

"आत्या, भट्टीवरनं उठून नाक पुसलं की पदराला लागतंय, त्येच," अर्पिता म्हणली.

परसात सोलरच्या प्लेटा बसल्या. कढईतलं उलथनं आपोआप फिरायला लागलं. खवा झाला दुधावानी पांढरा. तो घेऊन नागूबाई वाशीला इरशाद पेढेवाल्याकडं गेली. तिचा सगळा खवा त्योच घ्यायचा.

त्यानं चिमूट तोंडात टाकली. "मावशी, खवा झ्याक हाय. पण माझ्या पेढ्याला चालायचा न्हाय. गिऱ्हाईक धुराचा वास हुडकतंय. बाजाराच्या दिसापत्तोर वाट बघतो, मग दुसरीकडनं घेतो."

नागूबाईनं दुधाला बाभळीच्या निखाऱ्याची धुरी दिली. खव्याला चिलमीचा वास आला. म्हशीनंबी तोंड फिरवलं.

बाजाराचा दिवस उजाडला. दूध कढईत, आन नागूबाईच्या डोक्यात कुरडया. प्लेटांची काच सपाट, स्वच्छ, तापलेली. आन रिकामी पडलेली. बाईनं वल्ल्या कुरडया ओळीनं मांडल्या.

आत उलथनं थांबलं. कढई तर तापलेलीच. दूध बुडाला धरलं.

अर्पिता धावत भायेर आली. "आत्या, सूर्यावरच कुरडया घातल्याव तुमी."

"मग कुठं घालू, तुज्या डोस्क्यावर?" म्हणत नागूबाई खुरपं घेऊन आत पळाली. बुडाची खरवड सोडवून तिनं खव्यात कालवली. खवा झाला तांबूस. दुसरं दूध न्हवतं. ती तसाच घेऊन वाशीला गेली.

इरशादनं चिमूट खाल्ली. मग दुसरी. मग मूठच भरली.

"मावशी, चोरून लाकडं जाळली व्हय? मला गोत्यात आणता काय?"

"तू येऊनच बघ," नागूबाई म्हणली.

इरशाद गाडीवर मागं बसवून तिला घेऊनच आला. जुन्या भट्टीत वाकून बघितलं. आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिनं त्याच्या बोटाला टोचलं.

"म्हंजी इतकी वर्सं आमी धूर धूर म्हणत हुतो, ती चव खरवडीची?" बोट चोखत इरशाद म्हणला.

"आन माझे डोळे फुकट गेले," नागूबाई म्हणली, आन पोट धरून हसली.

तवापासनं दर कढईला शेवटी उलथनं घडीभर थांबवत्यात. इरशाद सगळा खवा नेतो.

आन त्या दिवशीच्या कुरडया? तळल्या तेव्हा परातभर फुलल्या. निम्म्या इरशादनंच खाल्ल्या.