तेरावा महिना

आमच्या ज्यू रॉक बँडमध्ये पाच जण होते आणि त्यांतले ज्यू दोघंच: गाणारा आणि मी. बाकीचे तिघे पक्के कॅथलिक, पण हिब्रू प्रार्थना त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. मी ठाण्याचा बेने इस्राएल. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ठाण्यात मी समाजाच्या लग्नांत ड्रम वाजवायचो. नोकरीसाठी मँचेस्टरला गेलो, तिथे दुसरा बँड, आणि डब्लिनला आल्यावर हा तिसरा. आठवडाभर ब्लँचर्डस्टाउनला सॉफ्टवेअर, रविवारी ड्रम. एवढीच माझी कारकीर्द.

गाणारा माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, निवृत्त दंतवैद्य. डब्लिनजवळ समुद्राकाठच्या डून लेरीला त्याचं घर आणि मागच्या गॅरेजमध्ये आमची तालीम. प्रार्थनांना तो अशा चाली लावायचा की सिनेगॉगमधली म्हातारी मंडळी आधी कपाळाला आठ्या घालत आणि मग हळूच पायाने ठेका धरत. त्याला एक खोड होती. गाणं सुरू करताना मी काड्या आपटून चार मोजायचो आणि हा बाबा तिसऱ्यालाच गिटार छेडायचा. मी वैतागायचो, "अरे, चारपर्यंत थांबायला काय होतं तुला?" तो नुसता हसायचा.

आई ठाण्यात वारली तेव्हा मी पोचायच्या आतच दफन झालं होतं. आमच्यात मृताला ताटकळत ठेवत नाहीत, मुलगा परदेशात असला तरी. सात दिवस जमिनीवर बसलो. आई-वडिलांसाठी त्यानंतरही वर्षभर गाणंबजावणं वर्ज्य. पोटापाण्यासाठी वाजवणाऱ्याला सूट असते, पण माझं पोट कॉम्प्युटरवर चालतं. त्याआधीच्या तीन वर्षांत मी तिला भेटायला एकदाही गेलो नव्हतो. निदान हे वर्ष तरी काटेकोर पाळायचं, असं ठरवलं. परत आलो आणि काड्या स्वयंपाकघरातल्या कपाटात वरच्या फळीवर टाकल्या.

फेब्रुवारीत गाणाऱ्याने समुद्राकाठी फिरायला बोलावलं. वारा असा की बोललेलं ऐकू येईना, म्हणून आम्ही एका भिंतीच्या आडोशाला उभे राहिलो. स्वादुपिंडाचा कॅन्सर, तो म्हणाला. डॉक्टर वर्षभर म्हणतात, कदाचित कमी. सिनेगॉगच्या हॉलमध्ये एक शेवटचा कार्यक्रम करायचाय, मेमध्ये.

"माझं वर्ष डिसेंबरात पुरं होतं," मी म्हणालो.

"आईसाठी ना?"

"हो."

"ग्रँड," तो म्हणाला, आयरिश लोक 'ठीक आहे'ला म्हणतात तसं. "मग डिसेंबरात."

मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. वाटला तो अभिमान.

त्याच्या बायकोने फोन करून विचारलं, दुसरा ड्रमर बघू का? बघा, मी म्हणालो, अगदी मनापासून. पण त्यानेच नकार दिला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याने माझ्या आईच्या वर्षदिनाला लाल गोल केला आणि त्याच्या पुढच्या रविवारी हॉल ठरवला. मी दर आठवड्याला जायचो. तो वाळत चालला होता, तरी नोव्हेंबरातही खुर्चीत बसून गिटार मांडीवर घ्यायचा. मी दारातून आत आलो की मात्र खाली ठेवायचा, माझा नेम मोडू नये म्हणून.

लाल गोलाच्या बारा दिवस आधी तो गेला.

त्याच्या घरच्या सात दिवसांच्या शोकात मी रोज संध्याकाळी डून लेरीला जात होतो. तिथे सिनेगॉगमधले एक वृद्ध गृहस्थ शेजारी बसले. "शेवटी वाजवलंत का त्याच्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"नाही जमलं. आईचं वर्ष पुढच्या आठवड्यात पुरं होतंय."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "पण यंदा महिने तेरा होते," ते म्हणाले.

आमच्या हिब्रू पंचांगातही दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना येतो. त्यामुळे वर्षदिन महिनाभर पुढे जातो, पण शोक बारा महिनेच पाळायचा असतो. माझा शोक लाल गोलाच्या तीस दिवस आधीच संपला होता. त्यानंतर गाणारा अठरा दिवस जिवंत होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" गृहस्थांनी विचारलं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. आमच्या घरी हे सगळं आई बघायची. सण कधी, उपास कधी, कुणाचा वर्षदिन कधी, तिला तोंडपाठ असायचं. ती असती तर एका दमात सांगितलं असतं आणि वर म्हणाली असती, "मेल्या, इथे काय बसलायस? जा, वाजव त्याच्यासाठी."

आईच्या वर्षदिनाला दिवा लावला. दुसऱ्या दिवशी गाणाऱ्याच्या बायकोने माझे ड्रम घेऊन जायला बोलावलं. गॅरेजच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "एकदा वाजव ना." मित्रासाठी आमच्यात शोक पाळायचा नसतो. नियमाने मी आता पूर्ण मोकळा होतो. निघताना फळीवरून घेतलेल्या काड्या खिशातून काढल्या, बसलो आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन. तिसऱ्याला सवयीने मान वर झाली, चौथा ठोका पडलाच नाही. जो माणूस चारपर्यंत थांबत नसे, तो माझ्यासाठी वर्षभर थांबला होता, आणि वर अठरा दिवस, माझ्या चुकीमुळे.