गॉगल कपाळावर

राई गावच्या उत्तमचे वडील जन्मभर मिठागरात राबले आणि त्या पांढऱ्या लखलखाटाने पन्नाशीतच त्यांचे डोळे गेले. मिठागराकडे आपण ढुंकूनही पाहायचं नाही, हे उत्तमने तेव्हाच ठरवलं. आणि गडी जाऊन लागला कुठे, तर भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यातल्या लेसरच्या प्रयोगशाळेत!

तिथे हायड्रोजन क्लोराईड वायूवर पीळ दिलेला अतिनील प्रकाश सोडतात. रेणू तुटतात, आणि सुट्या झालेल्या हायड्रोजनच्या अणूंचा स्पिन, म्हणजे त्यांची गिरकी, क्षणभर एकाच दिशेला वळतो. असे अणू दाटीवाटीने मिळवायचे, हा निशिगंधाचा ध्यास. जवळच्याच सिल्व्हर पार्क वस्तीतली ही पोरगी नुकतीच पीएचडी झालेली. प्रयोग तिचा, पण किरण नेमका बसवावा तो उत्तमनेच.

तो किरण डोळ्यांना दिसत नाही. पांढरं कार्ड आडवं धरलं की त्यावर निळा ठिपका उमटतो. डोळे सांभाळायला दिलेल्या गॉगलमधून तो पुसट दिसतो, म्हणून उत्तम गॉगल कपाळावर सारतो. "दोन मिनिटांचं काम, त्याला कसला गॉगल!" ही त्याची अकरा वर्षांची ऐट.

गेल्या वर्षापासून त्याच्या डोळ्यांपुढे धुकं साचतंय. "डोलं लाल हायत. कुनाला दाखवाचं न्हाय का?" बायको उर्मिला विचारते. तो उडवून लावतो. कामावरच्या डोळ्यांच्या तपासणीत पाटीवरची अक्षरं त्याने चक्क पाठ म्हणून दाखवली. खरं कळलं तर लेसरजवळ कोण उभं करणार? काय म्हणावं या माणसाला!

परवा सकाळी त्याने कार्ड धरलं. ठिपका नव्हता.

"लेसर बंद पडलाय," तो म्हणाला.

"काय बोलताय काका? हा काय, मस्त चमकतोय!" बाजूला उभी निशिगंधा म्हणाली.

उत्तमने वळून पाहिलं. तिचाही गॉगल कपाळावर होता. पहिल्याच आठवड्यात त्यानेच तिला हे शिकवलं होतं, मोठ्या कौतुकाने.

दुपारी सिग्नल आला, आजवरचा सर्वांत मोठा. इतके दाट अणू इथे कधीच मिळाले नव्हते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निशिगंधा हसत हसत डोळे चोळत होती.

"काका, दोन दिवस डोळ्यांत सारखं टोचतंय. तुम्हाला पण होतं का असं?"

सांगावं, आत्ताच सांगून टाकावं, असं उत्तमला फार वाटलं.

"छे गं," तो म्हणाला. "एसीची हवा कोरडी असते ना."

तिला ते लगेच पटलं. "मग उद्या लेसरची ताकद दुप्पट करू या?"

उत्तमने होकारार्थी मान डोलावली.