सावलीवरून उंची मोजणारा देश

ईरा, निषाद,

शाहूपुरीतल्या गुळाच्या दुकानातले आप्पा तुम्हाला आठवत असतील. मागच्या सुट्टीत त्यांनी ढेप फोडून तुमच्या हातावर गूळ ठेवला होता. ते गेले. शोकसभेत आमच्या तालमीचे अध्यक्ष म्हणाले, "फार निरुपद्रवी माणूस. गमतीच्या गोष्टी सांगायचा." ते ऐकल्यापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं. तुम्हालाही आप्पा तसेच वाटायला नकोत.

"मी सवता गेलतो की!" मांडीवर थाप मारून आप्पा सुरुवात करायचे. गारगोटी आणि पन्हाळा सोडून ते कुठे गेले नव्हते, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. तरी दर रविवारी संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसून ते एका नव्या देशाला जाऊन येत. एका देशात म्हणे, प्रश्न विचारणाऱ्याला ताप आलाय असं समजून गोधडीत गुंडाळून ठेवत.

नियम एकच. गोष्टीतली थाप जो पकडेल त्याला गुळाचा खडा. "नुसती मान हलवणाऱ्याला काय न्हाय. मान तर आमची म्हसपण हलवती."

मी विचारलं, "आप्पा, गोधड्या कमी पडल्यावर आणखी शिवायच्या का, हे राजाला विचारलं कुणी? विचारणारा तर गोधडीत!"

"गावलो की म्याडम! घ्या गूळ."

मग तो सावलीचा देश आला. "तितं मानसाची उंची सावलीवरनं मोजत्यात. म्हनून मोठी मानसं दिस कलल्यावरच भाईर पडत्यात. दुपारी बाराला रस्त्यावर यायला बंदी. तवा समद्यांची सावली पायापाशी. मोठं मानूस कोन, बारकं कोन, कळायचं कसं?"

कट्टा हसला. अध्यक्ष हसले नाहीत. ते स्वतः संध्याकाळशिवाय कट्ट्यावर कधी दिसत नसत.

"आप्पा, ही माझी टिंगल हाय. चारचौघांत माफी मागा, न्हायतर कट्ट्यावर गोष्ट बंद."

"मागतो की. रविवारी बाराला या."

वैशाखाचं ऊन. पेठ जमली. अध्यक्ष आले, मागे एक माणूस त्यांच्यावर भली मोठी छत्री धरून. सगळ्यांच्या सावल्या पायाशी चिकटलेल्या, यांची तेवढी ऐसपैस पसरलेली.

आप्पांनी हात जोडले. "पावनं, चुकलं माझं. मी थाप म्हनून सांगितलं, आन् देश हितंच निघाला."

लोक इतके हसले की छत्री मिटवावी लागली. कट्टा मात्र त्याच दिवशी आप्पांना बंद झाला. दुकानाशेजारचे लोक समजावत होते, "आप्पा, जरा वाकलं तर काय बिघडतंय?"

"वाकतो की. पोतं उचलताना रोज वाकतो."

पुढच्या रविवारी ते दुकानासमोर उभे राहिले, भर बाराला, उन्हात. आम्ही डोक्यावर पदर आणि पिशव्या घेऊन ऐकलं. आजारी पडेपर्यंत त्यांनी ती वेळ बदलली नाही.

म्हणून शोकसभेत मी उठले आणि विचारलं, "निरुपद्रवी होते, तर कट्टा बंद का केला होता?"

अध्यक्ष घड्याळ बघू लागले. आप्पांची सून पुढच्या रांगेतून उठली, सगळ्यांना ओलांडून माझ्यापाशी आली आणि पिशवीतून गुळाचा खडा काढून तिने माझ्या तळहातावर ठेवला.

आम्ही अजून रविवारी बाराला दुकानासमोर जमतो. गोष्ट मी सांगते. गूळ सून देते.