वीरगळासोबत कऱ्हाटीला

बारामती मागं पडली आणि इंदापूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस लागला. मी अंथुर्ण्याला आबासाहेबांकडे निघालो होतो. डाळिंबाच्या बागा, स्वतःचं शीतगृह अशी बडी असामी. पण पंचक्रोशीत ओळख जुन्या मूर्ती जमवणारा माणूस म्हणून.

अर्धा बंगला मूर्तींनीच व्यापलेला. भंगलेला नंदी, सातवाहनकाळची खापरं, हात नसलेली सरस्वती. नातवंडांची ओळख करून द्यावी तसे आबासाहेब एकेकीवर हात ठेवून बोलत होते. एका वीरगळापाशी (लढाईत पडलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड) मात्र त्यांचा आवाज उतरला.

"बारामतीच्या पलीकडं रस्ता रुंद करताना मुरुमात पडलेला सापडला. आमची ही गेल्यापासून सकाळी ह्याच्यापाशीच बसतो."

तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. हौसाबाई, बारामतीपलीकडच्या कऱ्हाटी गावच्या. डाळिंबं भरायला आलेल्या भाच्यानं त्यांना या दगडाचं सांगितलं होतं. आत येताच त्या वीरगळासमोर फतकल मारून बसल्या आणि पदरानं वीराचं तोंड पुसू लागल्या.

"हितं हाय व्हय रं तू?"

"मावशी, ओळखता याला?" आबासाहेबांनी विचारलं.

"आमचा मूळपुरुष हाय. मेंढरं हुती तवा पयलं दूध ह्येलाच. आमचं मालक मरूस्तवर हुडकत हुतं." मग घाईनं म्हणाल्या, "न्ह्यायला न्हाय आले, आबा. निस्तं बघाया आले. सावलीत हाय, बरं हाय."

आबासाहेब आत गेले. आले ते काखेत गादी घेऊन. गड्याला म्हणाले, "पिकअपमध्ये अंथर. सावकाश न्यायचंय."

हौसाबाईंबरोबर मीही गाडीत बसलो. बारामतीच्या पुढं ऊस सरला, उघडी माळरानं लागली. गावाजवळच्या ओढ्यात चाक रुतलं, तेव्हा पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले आबासाहेबही ढकलायला उतरले. हौसाबाईंच्या दारातल्या लिंबाखाली दगड उभा राहिला. त्यांच्या सुनेनं सगळ्यांना गरम माडगं (हुलग्याच्या पिठाचं पेय) दिलं.

"मावशी, अधूनमधून आलो तर चालंल का?"

"इचारायचं काय त्यात? तुमी त्येला ऊन लागू दिलं न्हाय. तुमचाबी आजाच की त्यो."

आबासाहेबांनी पेला तोंडाला लावला तो बराच वेळ खाली घेतला नाही.

बारामतीच्या स्टँडवर मला सोडताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी याल तेव्हा मूर्ती कमी असतील. आता गावोगाव विचारत फिरणार, कुणाची कोण आहे ते."

डोळे लाल होते, पण बोलण्यात उमेद होती. पुण्याच्या गाडीत बसलो तेव्हा वाटलं, या माणसाचा छंद सुटलेला नाही. आता कुठं तो भरात आलाय.